तहकूब सभा

आम्ही ज्या ग्रंथालयाचे अनेक वर्षे सभासद आहोत, त्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना दरवर्षी न चुकता घरी येते. विषयपत्रिकाही ठरलेली असते : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, हिशेबतपासनिसांची नेमणूक करणे आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे. सूचनेच्या तळाशी एक टीप असते. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल आणि त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही.

ही टीप एका ग्रंथालयापुरती नाही. गृहनिर्माण संस्था, पतपेढ्या, शिक्षणसंस्था, साहित्यसंस्था अशा सर्वांच्या सूचनांत ती असते, आणि आपल्या ती इतकी अंगवळणी पडली आहे की सभा साडेपाचची असेल तर सभासद सहालाच येतात. जे येतात ते बहुधा कार्यकारिणीचेच असतात. कायद्याने केलेली ही सोय गैर नाही. तीवाचून संस्थांचे काम अडून राहील. पण सभासद येणारच नाहीत हे गृहीत धरून सभेचे निमंत्रण लिहिले जाते, ही गोष्ट साधी नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात हे गृहीत केव्हा आणि कसे शिरले, याचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ज्या संस्थेने ‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्या नावातच धारण केला, तिच्यापासून सुरुवात करणे सोयीचे होईल.

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. तिच्या जन्माचे निमित्त तसे स्थानिक होते. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुण्यातील लोकांत असंतोष होता. त्या तक्रारींची दाद लावून घेण्यासाठी मंडळी एकत्र आली आणि एका देवस्थानापुरते न थांबता सर्वच लोकोपयोगी प्रश्नांसाठी कायमची संस्था असावी, असा विचार पुढे आला. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष. परंतु तिचा खरा आधार होते गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक पुढे ‘सार्वजनिक काका’ म्हणूनच ओळखू लागले.

या सभेचा एक नियम आज वाचताना थबकायला होते. सभेचे सभासद व्हायचे तर निदान पन्नास प्रौढ व्यक्तींनी सही केलेले मुख्त्यारनामे आणावे लागत. ‘आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही यांना देत आहोत’ असे त्या कागदाचे स्वरूप. आरंभी ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. वर्गणी भरून सभासद होणे आणि पन्नास जणांच्या दारात जाऊन त्यांची संमती घेऊन सभासद होणे, यांतला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. सही मागायला गेलेल्या माणसाला प्रश्न विचारले जाणार. ही सभा कशासाठी? तुम्ही आमच्या वतीने काय बोलणार? मागच्या वेळी काय केले? मताधिकार नावाची वस्तू या देशात जवळजवळ नव्हतीच अशा काळात, कोणत्याही सरकारी कायद्याच्या आधाराशिवाय, या मंडळींनी प्रातिनिधिकतेची एक कसोटी स्वतःवर लादून घेतली होती. सरकारने ‘तुम्ही कोणाचे?’ असे विचारले तर दाखवायला कागद असावा, हा त्यामागचा व्यवहारी हेतू होताच. पण त्या कागदामुळे सभासद खालच्या बाजूनेही बांधला जात होता.

या बांधिलकीचा उपयोग पुढील दहा वर्षांत दिसला. १८७१ च्या अखेरीस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास बदलून आले आणि सभेच्या कामाला अभ्यासाची जोड मिळाली. सारावाढीच्या प्रश्नावर सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी हाती घेतली, निरनिराळ्या जिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि ती अहवालरूपाने प्रसिद्ध केली. १८७६-७७ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला, तेव्हा सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवून व तेथील लोकांशी पत्रव्यवहार करून दुष्काळाचे वृत्तान्त तयार केले आणि सरकारला एकामागून एक सादर केले. पाऊस किती पडला, धान्याचे भाव कोठवर गेले, गुरे किती उरली, लोक गाव सोडून कोठे चालले, अशा तपशिलाचे हे लेखन आहे. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी प्रौढ पुरुषास दिवसाला एक रतल धान्य व वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात अनेक मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली. एवढ्यावर कष्ट करणारे शरीर तगणार नाही, हे सभेने सरकारपुढे आकड्यांनिशी मांडले. हेच टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. सभेचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ मध्ये सुरू झाले आणि त्यातील पुष्कळसे लेखन रानड्यांचे होते.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एक योगायोग लक्षात घ्यावा. अर्थात आम्हांला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. त्याच १८७८ च्या मे महिन्यात, पुण्यातच, रानड्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. त्यासाठी आवाहन करणाऱ्यांत रानड्यांबरोबर लोकहितवादी होते. आज आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा तेथपर्यंत नेतो. दुष्काळाचे वृत्तान्त लिहिणारे आणि ग्रंथकारांना एकत्र बोलावणारे लोक एकच होते. अर्ज, निवेदन, इतिवृत्त, अहवाल या गद्यप्रकारांना आपण वाङ्मयेतिहासात जागा देत नाही. तथापि, ‘आम्ही’ या सर्वनामाने बोलायचे, पण ते ‘आम्ही’ कोण हे पुराव्याने सांगायचे, आणि ज्याच्याशी मतभेद आहे त्याला पटेल अशा रीतीने मांडायचे, हे शिक्षण आधुनिक मराठी निबंधाला जसे वृत्तपत्रांतून मिळाले तसे या रूक्ष लेखनातूनही मिळाले, असे आमचे मत आहे.

येथवर वाचून कोणाला वाटेल की आम्ही एका सुवर्णयुगाचे चित्र रंगवीत आहोत. तसे नाही. ते पन्नास लोक कोण होते, हा प्रश्न त्याच काळात, त्याच शहरात विचारला गेला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. जिच्यात शूद्रातिशूद्र शेतकरी नाहीत ती सभा सार्वजनिक कशी, हा त्यांच्या टीकेचा रोख होता आणि त्याला उत्तर देणे सोपे नव्हते. १८७७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभा वृत्तान्त पाठवीत होती, त्याच वेळी सत्यशोधक मंडळींनी धनकवडी येथे मुलांसाठी बालाश्रम काढून त्यांच्या जेवणाची सोय केली होती. १८७६ ते १८८२ या काळात फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण रानड्यांकडून आले तेव्हा त्यांनी ते नाकारले. जे सर्वांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांत आणि पुस्तकांत आमच्या भावनांना जागा मिळणार नाही, हे त्यांचे कारण होते.

पण फुल्यांनी ‘सार्वजनिक’ हा शब्द टाकून दिला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या नावातच तो आहे : ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. ज्यांनी तो शब्द आधी घेतला त्यांच्यापेक्षा त्याचा अर्थ रुंद करून त्यांनी तो परत मागितला. १८७० आणि १८८० च्या दशकांतील पुण्याचे बळ आम्हांला येथे दिसते. सार्वजनिक म्हणजे कोण, यावरच भांडण होते आणि ते भांडण संस्था काढून, पत्रे लिहून, नगरपालिकेत मत देऊन चालले होते. सहभागातून वगळलेल्यांनी त्या वगळण्याला दिलेले उत्तर आणखी सहभाग हे होते. सार्वजनिक काकांच्या पत्नी सरस्वतीबाई जोशी यांनी स्त्रियांसाठी स्त्रीविचारवती सभा चालविली, तिची नोंदही याच संदर्भात घ्यावी लागेल.

मग ओहोटी कोठे लागली? सरकारने दडपले, हे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. १८९५ मध्ये सभेच्या व्यवस्थापक मंडळावर लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे बहुमत आले. रानडे-गोखले यांच्या गटाने बाहेर पडून १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. त्याच वर्षी पुन्हा दुष्काळ पडला. सार्वजनिक सभेने दुष्काळी संहितेतील तरतुदी मराठीत पत्रकांद्वारे छापल्या, गावोगाव माणसे पाठवून शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावून सांगितले आणि पीक बुडाले असेल तर साऱ्यात सूट मागणे कायदेशीर आहे हे त्यांच्या कानी घातले. वीस वर्षांपूर्वी सभा शेतकऱ्याविषयी सरकारला लिहीत होती. आता ती सरकारच्या नियमांविषयी शेतकऱ्याशी बोलू लागली. सरकारला हे मानवले नाही. १८९७ मध्ये, यापुढे या सभेची निवेदने स्वीकारली जाणार नाहीत, असे जाहीर होऊन तिची मान्यता गेली.

मान्यता गेल्यावर सभा नाहीशी झाली नाही, पण तिचा पूर्वीचा प्रभाव पुन्हा आला नाही. आमच्या मते याचे कारण केवळ सरकारी अवकृपेत शोधता येत नाही. सभेची ताकद सरकारच्या कानावर अवलंबून होती तितकीच त्या मुख्त्यारनाम्यांवर होती. कान बंद झाला तरी सह्या देणारे हजारो लोक गावांत आणि पेठांत होतेच. १८९५ चा झगडा मात्र व्यवस्थापक मंडळ कोणाच्या हाती असावे याचा होता, आणि त्यात शहाणपण कोणत्या बाजूला होते यावर इतिहासकार अजून वाद घालतात. झगडणाऱ्या दोन्ही बाजूंना जी गोष्ट गौण वाटू लागली, ती म्हणजे दारोदार जाऊन संमती आणण्याचे ते कंटाळवाणे काम. एव्हाना लोकांपर्यंत जाण्याचा दुसरा, कितीतरी जोरकस मार्ग सापडला होता. १८९३ पासून ‘सार्वजनिक’ हा शब्द गणेशोत्सवाला जोडला गेला. मेळे, व्याख्याने आणि मिरवणुका यांतून जी जागृती झाली ती सभेच्या अहवालांनी कधीच झाली नसती, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. तरीही उत्सवातील माणूस श्रोता असतो. तो टाळ्या देतो, वर्गणी देतो, प्रसंगी तुरुंगातही जातो. पण वक्त्याला त्याच्याकडून लेखी अधिकार घ्यावा लागत नाही आणि वर्षअखेर त्याला हिशेब द्यावा लागत नाही. मुख्त्यारनामा देणाऱ्याचा श्रोता झाला, आणि त्यामुळे सार्वजनिक जीवन एकाच वेळी विस्तारले आणि विरळही झाले.

हा ऱ्हास सरळ रेषेत झाला असेही नाही. स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रात, पुन्हा एका दुष्काळात, तो उलटा फिरलेला दिसतो. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाखांवर गेली. त्या कामांवर मजूर संघटित झाले, मोर्चे निघाले, विधिमंडळात वाद झाले. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमीची कल्पना आकाराला आली होती. तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, हे तत्त्व प्रथम महाराष्ट्राने कायद्यात आणले. २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे त्याची प्रेरणा होती. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसायकर बसविण्यात आला. प्राध्यापक मंडळींच्या पगारपत्रकात ही कपात आजही असते. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामासाठी द्यायचा वाटा असा तिचा मूळ अर्थ होता. आम्ही स्वतः कित्येक वर्षे तो कर भरला आणि हा अर्थ आम्हांला ठाऊक नव्हता. पैसे दिले, पण सहभाग घडला नाही.

आज शासकीय मराठीत नागरिकासाठी सर्वाधिक कानी पडणारा शब्द ‘लाभार्थी’ हा आहे. हमीच्या कायद्यातील मजूर मागणी करणारा होता; लाभार्थी यादीत नाव येण्याची वाट पाहतो. ‘सार्वजनिक’ या शब्दाचेही असेच झाले. सार्वजनिक बांधकाम, सार्वजनिक नळ, सार्वजनिक सुट्टी असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘सरकारी’ किंवा ‘कोणाचेच नव्हे’ असा होतो. सर्वांना जबाबदार, हा अर्थ मागे पडला.

कागदावर मात्र सहभाग कधी नव्हे इतका आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. २००९ मध्ये महाराष्ट्राच्या नागरी कायद्यांत क्षेत्रसभेचीही तरतूद झाली. आपल्या भागाची क्षेत्रसभा भरलेली पाहिली आहे का, असे आम्ही परिचितांना विचारून पाहिले. बहुतेकांनी तो शब्दच प्रथम ऐकला होता. त्याहून बोलके उदाहरण अलीकडचे आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महानगरपालिकांची मुदत संपली. आरक्षण व प्रभागरचना यांवरील वाद न्यायालयात चालू राहिले, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि त्या जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. मधली जवळजवळ चार वर्षे या शहरांत निवडून आलेले सभागृह नव्हते. अंदाजपत्रके प्रशासकांनीच मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. या काळात कोणी काहीच बोलले नाही असे नाही. पण शहरांचा दिनक्रम फारसा ढळला नाही, आणि आम्हांला अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे. सभागृह नाही याची उणीव जाणवण्यासाठी ते असताना त्याच्याशी आपला काही संबंध असावा लागतो.

या संबंधाच्या अभावाचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात. पहिला, माहिती वर जात नाही. १८७७ च्या वृत्तान्तांमुळे दुष्काळ टळला नाही, पण सरकारी आकड्यांशेजारी लोकांचे आकडे उभे राहिले. असे दुसरे आकडे नसतात तेव्हा एकच कथन उरते आणि त्याच्याविषयी केवळ विश्वास किंवा अविश्वास दाखविता येतो. तपासणी करता येत नाही. दुसरा, भांडणाची जागा जाते. रानडे आणि फुले एकाच शहरात, एकाच प्रश्नावर, परस्परांना पत्रे लिहून भिन्न मत मांडू शकत होते. सभा रिकाम्या झाल्या की मतभेद उरतातच. समोरासमोर बसून ते मांडण्याची सवय मात्र जाते, आणि मग विरोधक माणूस म्हणून ओळखीचा राहत नाही. तिसरा परिणाम भाषेवर होतो. ‘आम्ही’ म्हणणारे पुष्कळ आहेत, पण त्या ‘आम्ही’मागे किती सह्या आहेत हे कोणी विचारीत नाही.

तरीही वेगळे घडू शकते, याचा पुरावा गडचिरोली जिल्ह्यात आहे. मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या लहानशा गावात ग्रामसभा निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेते. निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी गावाचा अभ्यासगट असतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क या गावाला मिळाला; असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. आधी चौकशी, मग संमती, मग मागणी, हा क्रम पाहिला की १८७० ची आठवण होते. फरक एवढाच की येथे सही आणायला कोणी बाहेरून जात नाही. ज्यांचा प्रश्न आहे तेच सभासद आहेत. फुल्यांचा आक्षेप येथे लागू पडत नाही.

शहरातल्या आपल्यासारख्यांना मेंढ्याची नक्कल करता येणार नाही. पन्नास मुख्त्यारनामे आणा असेही आज कोणी म्हणणार नाही. यंदा आम्ही एवढेच केले, की ग्रंथालयाची सूचना आल्यावर ओळखीच्या सभासदांकडे जाऊन सभेला येता का म्हणून विचारले. त्यांतल्या काहींनी विचारले, ‘येऊन काय करायचे?’ या प्रश्नाचे तयार उत्तर आमच्याजवळ नव्हते, म्हणून आम्ही प्रथमच छापील जमाखर्च नीट वाचला आणि पुस्तकखरेदीवरील रक्कम तीन वर्षे सतत घटत असल्याचे आमच्या ध्यानात आले. मग पुढच्या दारात सांगायला काही तरी होते.

सभा साडेपाचला होती. गणसंख्या भरली नाही. अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी, आम्ही अठरा जण बसलो, आणि पुस्तकखरेदीचा प्रश्न निघाल्यावर अध्यक्षांना प्रथमच इतिवृत्तात दोन ओळी जास्त लिहून घ्याव्या लागल्या.